हत्यारांचं गाठोडं

राणीनं जीपच्या बॉनेटवर पोतं अंथरलं आणि एकेक हत्यार त्यावर मांडायला घेतलं. पाने, पक्कड, पंक्चरचं सामान, हातपंप, रेडिएटरच्या नळीचा जादा तुकडा, तारेचं वेटोळं. आटपाडीच्या माळावर सकाळचं धुकं अजून रेंगाळत होतं. समोरच्या बाभळी बुंध्यावाचून हवेतच उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या.

तिचा नवरा सिद्धू मेंढरं घेऊन कधीच पुढं गेला होता. पाटणच्या वरच्या अंगाला, पवनचक्क्यांच्या पठारावर त्याचा तळ पडला होता. काल त्याचा फोन आला. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि ओली कोकरं कळपामागं चालत नाहीत. त्यांच्यासाठी गाडी हवी होती. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला होता, "आन आईला आणू नगंस. अंबूबाईकडं राहू दे. तिच्यानं आता हुईत न्हाई."

हे राणीनं सासूला अजून सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी पठाराच्या चढावर पंख्याचा बेल्ट तुटला. गाडीत साधा पानासुद्धा नव्हता. दिवसभर जीप उन्हात उभी राहिली आणि दोन कोकरं राणीच्या ओटीतच गार पडली. यंदाच्या पावसाळ्यात ती तासगावला भावाकडं, नाथाजीच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात जाऊन बसली, ती स्वतःच्या हातानं बेल्ट चढवता येईपर्यंत उठली नाही.

तिची सासू हरणाबाई काठी टेकत बाहेर आली. उभा जन्म मेंढरामागं चाललेली बाई, पण यंदा गुडघा धरला होता. ती जीपला टेकून उभी राहिली आणि हत्यारांकडं बघत राहिली.

"ह्ये काय गं, काळं?"

"बेल्ट हाय, आत्या. पंख्याचा."

"आन ह्यो दुसरा?"

"त्यो बी बेल्टच."

 म्हातारीनं एक पाना उचलला, ठेवताना तो दुसऱ्यावर आपटला. खण्ण.

"वाजतंय," ती म्हणाली.

"लोखंड हाय. वाजणारच की."

"कोकरं बुजत्यात गं. जल्मल्या जल्मल्या असला आवाज कानात बसला, तर आईची हाक कवा वळखायची त्यांनी?"

ती आत गेली आणि एक जुनं लुगडं घेऊन आली. दातानं कड धरून तिनं त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि उन्हात बसून एकेक हत्यार गुंडाळू लागली. राणी हातात देई, ती गुंडाळून मांडीवर ठेवी. ऊन चढत गेलं तसे म्हातारीचे डोळे अर्धे मिटले. हात मात्र थांबले नाहीत. ती ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. राणीनं कान दिला. बांडी. भुरी. काळतोंडी. राणी सून म्हणून घरात येण्याआधीच मरून गेलेल्या मेंढ्यांची नावं होती ती.

राणीला घाई होती, पण तिनं ती नावं मधेच तोडली नाहीत. म्हातारीच्या मांडीवर लुगड्याची लहान लहान गाठोडी ऊन खात पडली होती, आणि त्यातलं एखादं आता अंग झाडून उठेल असं राणीला क्षणभर खरंच वाटलं.

"झालं?" हरणाबाईनं डोळे उघडून विचारलं.

"झालं."

"मग ह्यातलं माज्या गुडघ्याला काय लागतंय, सांग."

राणी हसली. हसता हसता थांबली. म्हातारी तिच्याकडंच बघत होती. सिद्धू फोनवर काय म्हणाला, ते म्हातारीला सगळं ठाऊक होतं.

राणीनं गाठोडी पेटीत भरली आणि पेटी सीटखाली सरकवली. मग शेजारच्या सीटवर ठेवलेली स्टेपनी तिनं दोन्ही हातांनी उचलली, मागं नेली आणि दोरानं करकचून बांधली. सीट फडक्यानं पुसली.

"बसा, आत्या."

"मी न्हाई," हरणाबाई म्हणाली. "मेंढरामागं जायाचं तर पायानं. बसून जायाला मी काय वरातीतली हाय?"

"डांबरी हाय तवर मला ठावं हाय. फुडं पठारावर समदं सारखंच दिसतंय. मागल्या साली बेल्ट तुटायच्या आधी मी वाटच चुकली हुती, आत्या. कुणाला सांगितलं न्हाई."

 हरणाबाईनं काठी गाडीत टाकली, राणीच्या खांद्यावर हात टेकला आणि ती चढून बसली.

शेजारची अंबूबाई दारात येऊन उभी होती. राणीनं घराची किल्ली तिच्या हातात दिली.

"आन म्हातारी?"

"वाट दावायला येतीया."

विट्याच्या पुढं उसाचा मुलूख लागला. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्या रस्ता अडवून डुलत चालल्या होत्या. हरणाबाई सीटला टेकून गाढ झोपली होती. वाऱ्यानं पदर डोक्यावरून सरकला होता आणि पिकले केस उडत होते.

राणीचं लक्ष खाली गेलं. म्हातारीचे अनवाणी पाय गाडीच्या पत्र्यावर हलत होते. आधी डावा, मग उजवा. पुन्हा डावा. अंगठा टेकायचा, टाच उचलायची. झोपेतच ती चालत होती.

राणीनं गियर खाली घेतला. मग आणखी एक. जीप माणसाच्या चालीनं चालू लागली. मागून ट्रॉलीवाल्यानं हॉर्नवर हात दाबून धरला, मग तो शिव्या घालत बाजूनं पुढं निघून गेला. राणीनं त्याला जाऊ दिलं.