धुऱ्यावरचे तिरंदाज

“इवाई, तुमचा टेहळ्या माह्या धुऱ्यावर काय करून राह्यला?” किसनरावांनी फोनवर विचारलं.

“फिराले आला. हवा चांगली हाये तुमच्याकडं,” व्याही उत्तमराव अमरावतीहून म्हणाले.

बार्शीटाकळीच्या घरात किसनराव चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून लॅपटॉपसमोर बसले होते. शनिवारची सकाळ होती आणि डाव विसाव्या चालीवर आला होता. खेळ तसा सोपा. एका गावापासून सुरुवात करायची, आळीपाळीने चाल खेळत राज्य वाढवायचं आणि समोरच्याची राजधानी घेतली की जिंकलं. राज्याच्या हद्दीला किसनराव शेताच्या बांधासारखं धुराच म्हणायचे. आजच्या डावात मात्र फार मोठी गोष्ट पणाला लागली होती. जिंकणारा नातीचं नाव ठेवणार होता.

नात तीन आठवड्यांची. बारसं उद्या, अमरावतीला, सुनेच्या माहेरी. किसनरावांना नाव हवं होतं मनकर्णा. ती त्यांची आई. ती गेल्यापासून चौतीस वर्षांत त्या नावाने घरात कुणी कुणाला हाक मारली नव्हती, आणि ते त्यांना फार लागायचं. उत्तमरावांना हवं होतं अन्विता.

“मनकर्णा ठेवलं त पोरगी शाळेतून रडत येईन,” उत्तमराव म्हणायचे.

“आन् अन्विता म्हनता म्हनता माही कवळी खाली पडन, त्याचं काय?”

आठवडाभर फोनवर अशी जुंपली की बाळाचे आईबाप दोघांचेही फोन उचलेनासे झाले. शेवटी तोडगा काढला किसनरावांच्या धाकट्या लेकीने, आचलने.

“भांडता काहून? माह्या लॅपटॉपवरचा राज्याचा खेळ खेळून घ्या. जो जिंकन, तो नाव ठेवीन. दोघांलेबी मीच शिकवीन, म्हंजे कोनी चिडीचा डाव म्हननार नाही.”

दोघांनी फोनवरच नातीची शपथ घेऊन शब्द दिला.

पहिल्या दिवशी किसनरावांनी आधी धान्याचं कोठार बांधलं. रानटी टोळी आली आणि कोठारासकट गाव घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं गाव वसवायला माणसं पाठवली, तीही जत्रेला निघाल्यासारखी, सोबत एकही शिपाई न देता. तीही गेली.

“बाबा, आधी टेहळ्या, मंग दोन गोफणवाले, मंग बाकीचं,” आचलने कपाळावर हात मारला.

गोफण म्हटल्यावर किसनराव खुलले. ज्वारीवरची पाखरं हाकलण्यात त्यांचं बालपण गेलं होतं. त्यानंतर त्यांना शिकवावं लागलं नाही. गोफणवाल्यांचे तिरंदाज कधी करायचे, टेकडीवर कुणाला उभं करायचं, नदी ओलांडणाऱ्याला कुठे गाठायचं, सगळं त्यांच्या हातात बसलं. एकच गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत मानली नाही.

“राजधानीत एक तरी तिरंदाज ठेवा, बाबा.”

“डुक्कर वावरात शिरल्यावर हाकलून काय फायदा? त्याले धुऱ्यावरच अडवाव लागते. तू मले राखन नोको शिकवू.”

आचलने पुन्हा सांगितलं नाही. ती बारशाच्या तयारीला अमरावतीला गेली आणि तिथे चार दिवस उत्तमरावांना त्यांच्या घरच्या संगणकावर शिकवलं.

डाव रंगला. जंगलापलीकडे पिवळ्या झेंड्याचं एक तिसरं राज्य होतं. सरावाच्या वेळी असं एखादं राज्य यंत्रच चालवायचं, म्हणून दोघांनीही तिकडे फारसं पाहिलं नाही. तिसाव्या चालीला पिवळ्यांनी मैत्रीचा निरोप पाठवला. किसनरावांनी तो लगेच मान्य केला. उत्तमरावांनीही केला. आता दोघांनाही फक्त एकमेकांकडे पाहायचं होतं.

उत्तमरावांचे पाच भालेकरी नदीत उतरले. किसनरावांनी मिशीवर हात फिरवला आणि सहाच्या सहा तिरंदाज धुऱ्यावर आणून बसवले. दोन चालींत तीन भालेकरी आडवे झाले.

“असे पान्यात उभे करतात का मानसं, इवाई?” किसनराव इतक्या जोरात हसले की स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी गोदाबाई बाहेर आल्या.

“काय झालं? कोन मेलं?”

“तुह्या इवायाचे तीन गेले!”

“हळू वरडा. पोराच्या लग्नात बी एवढा आवाज नोता तुमचा,” असं म्हणत त्यांनी चहा ठेवला आणि स्वतःही खुर्ची ओढून बसल्या.

किसनराव धुरा ओलांडून निघाले. उरलेले भालेकरी मागे हटले. उत्तमरावांची राजधानी आता दोन चालींवर होती आणि तिथे पहाऱ्याला कुणीच दिसत नव्हतं. उद्या भरल्या घरात आईचं नाव घेतलं जाणार, या विचाराने किसनरावांचे डोळे भरून आले. इतका आनंद त्यांना पहिल्या वेचणीच्या कापसानेही कधी दिला नव्हता.

“इवाई, पेढ्याच्या डब्यावर नाव लिवाले सांगू का आता?”

फोनवर उत्तमराव एकदम ओरडले, “किसनराव! माह्या घरात हे पिवळे कोन शिरले?”

किसनरावांनी नकाशा सरकवत स्वतःची राजधानी पाहिली. जंगलातून आलेले दोन पिवळे घोडेस्वार मोकळ्या वेशीतून आत शिरत होते. सहाही तिरंदाज धुऱ्याच्या पार पलीकडे होते. वाड्यावरचा त्यांचा निळा झेंडा उतरला आणि पिवळा चढला. फोनवर उत्तमरावांच्या राजधानीचंही तेच झाल्याचं ऐकू आलं.

पडद्यावर पिवळ्या राज्याचा निरोप उमटला. गोदाबाईंनी वाकून तो मोठ्याने वाचला.

“दोन्ही आजोबांनी उद्या अकरा वाजता पाळन्यापाशी हजर राहाव. नाव मी ठेवीन. आत्या.”