वस्तीची टाकी

अक्षतानं हातोडीनं नव्या टाकीच्या खांबावर ठोकलं. सिमेंटचा पापुद्रा उडाला आणि आतली खडी तिच्या बुटांवर सांडली. आतल्या सळया उघड्या दिसल्या.

"सेग्रिगेशन झालंय," पाहणीसाठी जालन्याहून आलेली ती तरुण इंजिनिअर म्हणाली. "माल फार उंचावरून ओतलात. खडी वेगळी, सिमेंट वेगळं. टाकी भरली की हा खांब दबणार. फोडा."

"गिलावा मारला की बराबर होतंय, मॅडम," कंत्राटदार भुजंगराव हसले. "आन् ही वस्तीची टाकी हाये. गावाची तिकडं पारापाशी. एकदम पक्की."

"वस्तीला वेगळी कशाला?"

"ज्याचं त्याला बरं असतंय." त्यांनी आवाज उतरवला. "आडनाव काय म्हणलात तुमचं?"

"अहवालाखाली असेल."

कडेला बुद्धवस्तीतल्या सात-आठ बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. वस्तीतलं बोअर आटल्यापासून त्या लांबच्या मळ्यातून पाणी आणत. भुजंगराव त्यांच्याकडे वळले.

"ऐकलं का? उन्हाळ्याच्या आत पाणी देनार होतो. ह्या मॅडम खांब फोडायला लावून राह्यल्या. आता पुढचा उन्हाळा. मंग मला बोल लावू नका."

"राहू द्या ना ताई तसंच," एक बाई कळवळून म्हणाली.

सहीसाठी उघडलेला अक्षताचा पेन अहवालावर तसाच थांबला.

त्या बायांतली बेबीनंदा पुढं आली. तिनं खांबाच्या भगदाडात बोटं घातली. चार खडे सहज हातात आले. तिचा नवरा भिवा इथंच गवंडी होता.

"आवो, खरं सांगा. उभी ऱ्हाईल का ही?"

भिवानं भुजंगरावांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "न्हाई. मी म्हणल्तो, एवढ्या वरून टाकू नका. कोन ऐकतंय."

"खाली आपली लेकरं खेळतील," बेबीनंदा म्हणाली. "फोडा."

"आन् तवर पाणी?" भुजंगराव कडाडले.

"तवर गावच्या टाकीवरून भरू."



"कोन भरू देतंय ते बघतो." भुजंगरावांनी मोबाईल काढला.

अक्षतानं सही केली. भिवानं घण उचलला.

बेबीनंदानं हंडा कमरेवर घेतला आणि पाराच्या वाटेला लागली. पाठीमागं घाव पडत होते. त्या आवाजात आपल्यामागं बाकीच्या बायांचे हंडे वाजतायत की न्हाई, ते तिला कळत नव्हतं. वळून न बघता ती चालत राहिली.