टाळ्या वाजवणारी डबी

विसरभोळेपणावर विज्ञानाने अखेर विजय मिळवला होता. हात पुढे केला की नवी डबी आजोबांना फिटची गोळी द्यायची आणि टाळ्या वाजवून ‘शाब्बास’ म्हणायची. आजोबा खूश होते. मंगळवारी त्यांच्या अडीच वर्षांच्या नातीने, रेवाने, हात पुढे केला.

ती बेशुद्ध पडली. पोटात किती गोळ्या गेल्या, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिच्या आईने डबीच्या कंपनीला फोन लावला.

“अभिनंदन मॅडम. पेशंटने आज अकरा डोस घेतलेत, एकही चुकवला नाही.”

“पेशंटला अजून स्वतःची चड्डी चढवता येत नाही हो. डबीला झाकण का नाही?”

“झाकण असलं की लोक कंटाळा करतात, मॅडम.”

तिसऱ्या दिवशी रेवा शुद्धीवर आली. कंपनीने रीतसर चौकशी करून टाळ्यांचा आवाज कमी केला. झाकण अजून नाही.