शलाकाची कंबर

चित्रकथांमधली माणसं जिवंत करणाऱ्या प्रयोगशाळेत चित्रकार इंदुमतीबाई अवघडून बसल्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी काढलेली, डोंगर उचलणारी शलाका समोर भिंतीला टेकून उभी होती. यंत्राने तिला रेघ न् रेघ तशीच घडवली होती, मुठीत मावणाऱ्या कंबरेसकट.

"बाई, मला बसताच येत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "वाकले की श्वास अडकतो. डोंगर राहू दे, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलवत नाही."

इंदुमतीबाईंनी नजर चुकवली. "तेव्हाचे संपादक गं. बायका अशाच काढा म्हणायचे."

"असं कसं, आजी?" यंत्र चालवणारी ऋजुता म्हणाली. "तुमच्या मूळ पानावर त्यांचा शेरा आहे. 'कंबर जरा माणसाची करा, पोर मोडेल!'"

इंदुमतीबाईंचा चेहरा उतरला.

"मीच केलं," त्या कशाबशा म्हणाल्या. "दोन बाळंतपणांनी माझं अंग सुटलं होतं. आरशात बघवत नसे. वाटलं, तू तरी तशी नको."

"तुमच्यासारखीच काढायची ना मला," शलाका म्हणाली. "उभ्या जन्मात एकदा तरी बसले असते."