पारा कुठे होता

"यातलं काहीच फुटलेलं नाही," केंद्रावरच्या बाई म्हणाल्या. घरातल्या पारा असलेल्या जुन्या वस्तू या खिडकीवर जमा करून घ्यायचे. हातमोजे घालून त्यांनी खोका उपसला होता. दोन थर्मामीटर, वडिलांच्या वेळचं बीपीचं मशीन, बंद पडलेल्या ट्यूब. सगळं कागदात गुंडाळलेलं आणि धड.

आई आणि बायकोला घेऊन आलेला मुलगा बुचकळ्यात पडला. त्याच्या आईचे पाय सुजायला लागले म्हणून तपासण्या केल्या, तर लघवीत पारा निघाला. मूत्रपिंडांना त्रास झालाय, पण वेळेत कळलं, असं डॉक्टर म्हणाले. पारा कुठून येतोय ते शोधा आणि घराबाहेर काढा. त्याने माळ्यापासून कपाटांपर्यंत घर पालथं घातलं होतं.

"चेहऱ्याला काही लावता का?" बाईंनी आईला विचारलं. "गोरं करणारं क्रीम, डबीवर धड नावगाव नसलेलं? त्यातही पारा असतो."

"आई साधी पावडर लावत नाही हो," मुलगा म्हणाला.

सून मात्र चपापली. तसली एक डबी तिला मैत्रिणीने आणून दिली होती. दोनदा लावली आणि डबी गायब. त्याच सुमारास नणंद राहून गेली होती. तेव्हापासून सून तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायची.

सासूबाईंनी पर्सची चेन उघडली. रुमालात गुंडाळलेली डबी काढून खिडकीवर ठेवली. घरात शोधाशोध सुरू झाली तशी त्यांनी ती पर्समध्ये दडवली होती.

"माझ्या लेकीवर आळ घेऊ नकोस," सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या. "मीच घेतली. जन्मभर काळी म्हणवून घेतलं गं. वाटलं, बाळाला बघायला लोक येतील, तेव्हा तरी आजी जरा उजळ दिसावी."



बाईंनी डबी न उघडता पिशवीत घातली, ती पिशवी दुसरीत, आणि तोंड चिकटपट्टीने बंद केलं. "टॉवेल, उशीचे अभ्रेसुद्धा असेच बांधून आणा. कचऱ्यात टाकू नका. अर्धी भरलेली डबी दिसली की कुणीतरी उचलून लावतं." मग त्यांचं लक्ष सुनेच्या पोटाकडे गेलं. सहावा महिना होता. "तुम्ही नाही ना लावलं? पोटातल्या बाळापर्यंत जातो हा पारा."

"दोनदाच," सून म्हणाली. "हाताशी असती तर रोज लावली असती."

"चुकलं माझं," सासूबाई पुटपुटल्या. "या वयात सुनेच्या खोलीतून चोरी करायची म्हणजे..."

सुनेने त्यांचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला आणि तसाच धरून ठेवला.

"बरं झालं चोरलीत, आई."