दिवाळीनंतरचा शालू

सरलाबाईंनी तिसरा शालू बाजूला सारला, तेव्हा उषाबाईने उरलेले शालू नजरेने मोजले.

"हाऊ नको. एक पानीमा रंग जाई," सरलाबाई अहिराणीत म्हणाल्या आणि गादीवर आणखी ऐसपैस बसल्या.

भूपेंद्रभाईंच्या दुकानात बस्ता बांधणं चाललं होतं. लग्न उषाबाईच्या हर्षदाचं आणि सरलाबाई तिच्या होणाऱ्या सासूबाई, सुरतजवळच्या चलथाणच्या. शालू आणि मानाच्या साड्या मुलीकडच्यांनी घ्यायच्या, पसंत मात्र मुलाकडच्यांनी करायच्या, असं साखरपुड्यातच ठरलं होतं. म्हणजे खिसा एकाचा आणि हात दुसऱ्याचा. पुरुषमंडळी आपला या भानगडीशी काही संबंध नाही अशा थाटात बाहेर बाकावर चहा पीत बसली होती.

उषाबाई म्हणजे छत्री दसऱ्यानंतर आणि स्वेटर होळीनंतर घेणारी बाई. आदल्या साली प्लेगच्या भीतीने अर्धं सुरत पळालं, दिवाळीला दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही आणि सण सरल्यावर पडून राहिलेला माल निम्म्या भावात निघाला. उषाबाई पांडेसऱ्याच्या घरून तडक आली. मुलीचं स्थळ अजून पक्कं व्हायचं होतं, तरी तिने एक शालू आणि मानाच्या साड्या काढल्या. साठवलेलं सगळं त्यात गेलं. पैसे मोजताना मात्र तिचा हात थबकला.

"पण भाई, बस्त्याला सोयरे आपल्या हाताने निवडतात. आधी घेतलेलं कोण चालवून घेईल?"

"माल इथेच राहू दे, उषाबेन. बस्त्याच्या दिवशी ढिगात टाकतो. भाव मी नवाच बोलणार. तमे चिंता ना करो."

आता तो ढीग समोर होता आणि चिंता केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. विहीणबाईंनी दुसरा शालू उचलला, तर द्यायला गाठीला काही नव्हतं. आणि सेलचा माल आहे हे कळलं, तर बोलायलाच नको. उषाबाईच्याच गल्लीतलं एक ठरलेलं लग्न बस्त्याच्या दुकानातच मोडलं होतं. त्या घरच्या बाईने पुढे बरेच दिवस दाराबाहेर तोंड काढलं नाही.

"वहिनी, हाऊ दखा," मुलाच्या आत्याने फळीवरून एक झगमगता शालू ओढून घेतला. "एकुलता एक पोऱ्या शे आपला. काय हलकंफुलकं नेसाडतस?"

भूपेंद्रभाईंनी भाव सांगितला. उषाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तरी ती हसली. मुलीच्या आईला दुसरं काही करता येत नाही.

सरलाबाईंनी तो शालू मांडीवर घेतला. पदर उलगडला, नखाने जर खरवडून पाहिली.

"जर काळी पडी," त्या शेवटी म्हणाल्या आणि तो परत दिला.

मग त्यांचा हात वांगी रंगाच्या शालूवर गेला. उषाबाईचाच तो. दिवाळीपासून घडीत राहिल्याने त्याच्या मोडीवर एक फिकट रेघ उमटली होती. सरलाबाईंचं बोट त्या रेघेवरून फिरलं आणि मधेच थांबलं. त्यांनी मान वर करून आधी दुकानदाराकडे पाहिलं, मग उषाबाईकडे.

"भाई, नवा माल शे ना हाऊ?"

"एकदम नवा, बेन. कालच आला."

आत्या पुढे वाकल्या. सरलाबाईंनी घडी फिरवली, रेघ आत गेली. "हाऊच."

"पन वहिनी, तो जरीवाला..."

"नेसणारी कोन? नवरी तू शे का?"

त्यानंतर सरलाबाईंनी मानाच्या साड्या निवडायला घेतल्या. एक नाकारली, दुसरी नाकारली, तिसरी उचलली. ती उषाबाईची निघाली. पुढची उचलली, तीही तिचीच! उषाबाईने मनातल्या मनात सप्तशृंगीला हात जोडले, चैत्रात गडावर येऊन खण-नारळाने ओटी भरीन म्हणून कबूल केलं. बघता बघता तिच्या सगळ्या साड्या सरलाबाईंच्या मांडीवर आल्या.

वर सरलाबाई भावासाठी अशा काही भांडल्या की बाहेरचे पुरुष आत डोकावून गेले. त्या भावाशी खरं तर आता कुणाचंच देणंघेणं नव्हतं. पण भाव जमला नाही म्हणून त्या उठल्या तर? उषाबाईने भूपेंद्रभाईंना डोळ्यांनी विनवलं. त्यांनी कपाळाला हात लावून भाव उतरवला, तेव्हा कुठे बस्ता बांधला गेला.

मंडळी रिक्षा बघायला रस्त्यावर गेली. पैसे द्यायच्या निमित्ताने उषाबाई मागे राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"देवी पावली हो, भाई. एवढ्या ढिगातून नेमकं आपलंच उचललं. बाई किती खडूस वाटत होती!"

भूपेंद्रभाई नाकारलेल्या शालूंच्या घड्या घालत होते.

"देवीचं मला माहीत नाय, उषाबेन. सरलाबेन परवा एकट्या येऊन गेल्या. बोलल्या, विहिणीने आधी काय घेऊन ठेवलं असेल तर मला दाखव, मी तेवढंच पसंत करते."

"पण त्यांना सांगितलं कुणी?"

"कोणी सांगायचं? त्यांच्या दोन्ही मुलींचा बस्ता दिवाळीनंतरच्या मालातून इथेच बांधला. सेलचा माल ढिगात टाकायला मला त्यांनीच तर शिकवलं."