फॉर्मवर मोबाईल आप्पांचा

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर आप्पांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बारावीनंतर दोन वर्षं मी तिथेच कामाला बसते आहे. वरच्या वाड्यांवर रेंज नसते, म्हणून फॉर्मवर सगळे आप्पांचाच मोबाईल घालतात. त्यावर कुणाचं पत्र आलं की आप्पा त्या वाडीच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप देतात.

काल कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकलं आणि आज सकाळी निम्मे फोल्डर उघडेनात. 'तुम्हाला परवानगी नाही' एवढंच येत होतं. मी एकेकाची मालकी बदलून उघडत गेले. शेवटी आप्पांच्या जुन्या लॉगिनमध्ये 'समीक्षा' असा माझ्याच नावाचा फोल्डर दिसला.

"तो राहू दे गो," आप्पा घाईने म्हणाले. "त्यात काय नाय."

तोवर तो उघडला होता. आत नर्सिंग कॉलेजचं दोन वर्षांपूर्वीचं पत्र होतं. पहिल्याच यादीत माझं नाव होतं. आणि आप्पा तेव्हा म्हणाले होते, "यंदा नाय झालं गो तुझं."

त्याच्याखाली दुसरं पत्र. 'घरगुती अडचणीमुळे मी प्रवेश घेऊ शकत नाही.' शेवटी माझी सही, फॉर्मसाठी मीच स्कॅन करून दिलेली.

"तू गेली असतीस तर इथं कोण बसलं असतं?" आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात चंद्रभागाकाकू लेकीचा फॉर्म घेऊन पायरी चढल्या.

"मोबाईल आप्पांचाच घाल गो समीक्षा. आजवर त्यांनी कुणाचा निरोप चुकवला नाय."